पूल उचलायच्या केबिनमध्ये

अंधार पडल्यावरच ने, म्हणाली चित्स्के,
उजेडात हलवल्यास तर रस्ता लक्षात ठेवतील.
ती चालली होती तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टच्या घरात,
जिथे मांजर पाळायलासुद्धा अर्ज करावा लागतो.
तिच्या पाच कोंबड्या, बुटक्या जातीच्या,
प्रत्येकी अर्धा किलो, त्यातला निम्मा तोरा.

केळ्यांच्या खोक्याला पेन्सिलीनं भोकं पाडली,
सायकलच्या कॅरियरवर दोरीनं आवळलं
आणि बांधावरून आलो, वारा तोंडावर घेत.
खोक्यातून अख्खा रस्ता एकटीच कुणीतरी बोलत होती.
मी हो हो म्हणत होतो.

केबिन माझीच. म्हणजे कालव्याची, सरकारची,
पण एकतीस वर्षं तिच्यात बसलो मी.
होडी दिसली की घंटा, फाटक, मग दांडा ओढायचा,
पूल आळस दिल्यासारखा उभा राहायचा,
आणि गळाच्या काठीला बांधलेला लाकडी बूट
मी खाली सोडायचो. नावाडी त्यात नाणं टाकायचे.
आता लेवार्डनमध्ये बसलेलं कुणी पोर
कॅमेऱ्यात बघून बटण दाबतं.
माझ्या खिडकीच्या आतलं त्याला दिसत नाही.
बरंय.

फरशीवर भुसा घातला, चार बोटं जाड.
खिडकीच्या फटी चिंध्यांनी बुजवल्या, वरची एक मुद्दाम ठेवली:
कोंबडीला थंडी सोसते, ओल सोसत नाही.
कुंपणाची काठी तासून दांडी केली, गुडघ्याइतकी उंच,
बोटांना बोचू नये म्हणून घासत बसलो.
नातीच्या झोपाळ्यालाही इतकं घासलं नव्हतं.

रात्री एकेक उचलून दांडीवर बसवली.
हातात काय येत होतं? पिसं, आणि पिसांच्या आत
कसल्यातरी घाईत असलेलं काहीतरी.

सकाळी बघतो तर दांडी रिकामी.
पाचही जणी पुलाच्या लोखंडी दांड्यावर,
गंजलेल्या, गारढोण, छातीइतक्या उंच,
ओळीनं,
जणू नेमणुकीचं पत्र घेऊन आलेल्या.

दहा दिवस दार उघडू नकोस, असंही ती म्हणाली होती,
घर म्हणजे काय ते आधी आतून कळू दे त्यांना.
मी सहाव्या दिवशी उघडलं. ऊन पडलं होतं, काय करणार,
आमच्याकडचं मार्चमधलं ऊन, कोटही न काढता
दारातूनच परत जाणारं.
बाहेर आल्या. गवत तपासलं, माझे बूट तपासले,
आणि तेवढ्यात पुलाची घंटा.
चौघी आत. पाचवी, तीच बोलकी,
थेट विलोच्या झाडात.

संध्याकाळी शिडी, टॉर्च, खाली शेजारचा वोब्बे,
या वयात पडलास तर विमा मिळत नाही, म्हणत.
तिनं मला शेवटच्या पायरीपर्यंत येऊ दिलं.
मग एक फांदी वर गेली.
चौघींच्या दाराला कडी घातली
आणि कोट पांघरून पायरीवर बसलो.
मुंगसासारखं एक चोरटं जनावर फिरतं बांधावर, माहीत आहे मला.
रात्रभर झाडाकडे टॉर्च मारत राहिलो,
ते तिला आवडलं नसावं.
उजाडायच्या जरा आधी, गवतात दव,
माझ्या गुडघ्यापाशी तिचा तुसडा आवाज:
उघडा की आता.

हल्ली घंटा वाजली तर नुसत्या माना वर होतात.
होडी जाऊ देतात, पुन्हा चोची मातीत.
परवा कोपऱ्यातला लाकडी बूट काढला, जळमटं झटकायला,
तर आत पेंढा, कुणी नेला कोण जाणे,
आणि पेंढ्यात अंडं,
साईच्या रंगाचं, अंगठ्याच्या दोन पेरांएवढं, अजून कोमट.
सुटे परत द्यायची जुनी सवय.
हात खिशात गेला माझा.

चित्स्केला फोन केला. अंड्याचं तिनं ऐकून घेतलं फक्त.
भिंतीकडे कोण बसते, म्हणाली, रात्री?
थांब, म्हटलं,
आणि टॉर्च घेऊन निघालो,
फोन टेबलावर तसाच चालू.